वुबाचा अंगठा

तिसरा पक्षी दिसला तेव्हा बायका टोपल्या तिथेच टाकून पळाल्या.

तिरुये सगळ्यांत आधी यालगानेशच्या अंगणात पोचली. तिची पांढरी शाल खांद्यावरून घसरून मातीत लोळत होती.

"आजी, आलाय! दरडीपाशी परत बसलाय!"

यालगानेश कॉफीचे दाणे भाजत होती. तिनं तवा खाली उतरवला.

"कोणी हात लावला?"

"हात? टोपल्यासुद्धा तिथेच राहिल्या आमच्या."

"ओला आहे की वाळलेला?"

"ओला. आत्ताच करून ठेवल्यासारखा."

"आणि छातीवर?"

तिरुयेनं स्वतःचा उजवा अंगठा मुठीत लपवला.

वुहामेदा हे यहुद्यांचं गाव गोंदरपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथे पुरुष लोखंड घडवायचे आणि बायका माती. पुरुषानं मातीकाम करायचं नाही, बाईनं घण उचलायचा नाही, हे इतकं जुनं होतं की त्याला कोणी नियमसुद्धा म्हणत नसे. बायकांच्या हातून मडकी व्हायची, कॉफीच्या सुरया व्हायच्या, आणि गोंदरला येणाऱ्या परक्यांसाठी सिंह, राजे, राण्या, पक्षी. सगळ्याला माती एकच. नदीकाठच्या काळ्या दरडीतली.

फसिकाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या सणाच्या आदल्या दिवशी ती दरड वुबा नावाच्या कुंभारणीवर कोसळली आणि ती गेली.

पुढे सहा महिने तिकडे कोणी फिरकलं नाही. आधी सुतक होतं, मग पाऊस. आता ऊन पडलं. घराघरांत माती संपली होती. बायका धीर करून निघाल्या, आणि पहिल्याच दिवशी दरडीच्या पायथ्याशी एक पक्षी बसलेला दिसला. दोन दिवसांनी दुसरा. आज तिसरा.

नुसता पक्षी असता तर कोणी घाबरलं नसतं. पण वुबा पक्षी पुरा झाला की त्याच्या छातीत उजवा अंगठा दाबायची. लहानपणी भावाच्या भट्टीपाशी खेळताना तो अंगठा भाजला होता. त्यावर आडवा वण होता, मधेच तुटलेला. तिच्या प्रत्येक पक्ष्याच्या छातीवर तो वण असायचा.

या पक्ष्यांवरही तो होता.

यालगानेश काठी टेकत दरडीपाशी गेली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. नदीचा आवाज होता, आणि दरडीतून अधूनमधून मातीचे कण सुटून खाली येत होते, कोणी आतून खरवडावं तसे. ती थांबली. सत्तरी उलटलेल्या बाईनं भ्यायचं नसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी हाक मारल्याशिवाय राहवलं नाही.

"वुबा?"

पक्षी तिच्याकडे बघत होता. तीच वाकडी मान, तीच फुगवलेली छाती. पंचवीस वर्षं दोघींनी शेजारी बसून माती मळली होती. वुबाचा हात यालगानेशला स्वतःच्या हातापेक्षा जास्त ओळखीचा होता.

मागून पावलं वाजली. काहेन तेगेन्ये येत होते, गावाचे पुजारी. डोक्याला पांढरं पागोटं, हातात माश्या वारायची शेपटी. त्यांच्यामागे लोहार गेते, वुबाचा भाऊ. त्याच्याही मागे, सगळ्यांपासून दहा पावलं तुटून, वुबाची मुलगी असनाकु. आई गेल्यापासून ती मामाकडे राहत होती.

"फोड तो," काहेन म्हणाले.

"फोडीन, काहेनबाबा. आधी बघीन."

"बघायचं काय त्यात? वुबाचा पक्षी तिच्या मुलीशिवाय कोणाला जमतो? मेलेल्यांना बोलावणं आपल्या धर्मग्रंथात, ओरितमध्ये, निषिद्ध आहे. सिग्दच्या सणाला ओरित डोक्यावर घेऊन डोंगर चढायचाय आपल्याला. असलं पाप गावात ठेवून मी चढणार नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हिनं गाव सोडावं."

"मी नाही केला," असनाकु म्हणाली.

"कुठे जाईल ती?" यालगानेशनं विचारलं.

"जाईल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? पलीकडच्या गावांत कुंभारणीला दिवसा बाई आणि रात्री तरस म्हणतात. आपल्याच माणसांनी हाकललेली म्हटल्यावर तिला दारात कोण उभं करील? दगड मारतील, तेगेन्ये. तुलाही माहीत आहे."

काहेनांना नावानं हाक मारणारी गावात ती एकटीच होती. त्यांची नाळ तिनंच कापली होती.

"मूर्ती करू नका म्हणून मी आधीच सांगत होतो," ते म्हणाले. "तो यरुशलेमचा मास्तर पुस्तक घेऊन आला आणि तुम्हा बायकांची डोकी फिरली."

"पुस्तक तूही बघितलंस. दोनदा."

यालगानेशला तो दिवस काल घडल्यासारखा आठवत होता. वुबाचं अंगण, आणि मास्तरच्या मांडीवर ते जाड पुस्तक. पहिल्या पानांवर दिवे, दोन हजार वर्षांपूर्वीचे, त्यांवर सात फांद्यांची दिवटी कोरलेली. मग एका प्रार्थनाघराची जमीन, बारीक रंगीत खड्यांची, तिच्यात द्राक्षं टोचणारा पक्षी. मग बर्फाच्या मुलुखातले लाकडी सिंह. वाळवंटातल्या सोनारांची जाळीसारखी नाजूक चांदी. सोन्याच्या अक्षरांचा लग्नाचा करार, भोवती डाळिंबं. कागद कातरून केलेली हरणं. "ही सगळी आपलीच?" वुबानं विचारलं होतं. आपलीच, मास्तर म्हणाला. जगभर विखुरलेल्या यहुद्यांची. वुबा खड्यांतल्या त्या पक्ष्याकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे हाताची खाज सगळीकडे सारखीच," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पहिला पक्षी केला.

"शुक्रवार," काहेन म्हणाले आणि वळले. तो बुधवार होता.

यालगानेशनं पक्षी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला. कोनाड्यात वुबानं दिलेला एक पक्षी होता, भाजलेला, तांबडा. तिनं दोन्ही शेजारी ठेवले. डोळे आता दगा देत होते, म्हणून तिनं मूठभर बार्ली घेतली आणि भाजलेल्या पक्ष्याच्या छातीतल्या खळग्यात एकेक दाणा ठेवला. सात बसले. मग ओल्याच्या खळग्यात ठेवले.

पाच.

तिनं पुन्हा मोजले. पाचच.

मग तिनं ओला पक्षी हातात घेतला, "माफ कर ग" म्हणाली आणि मोडला. माती बोटांत चोळली. बोटाला खरखर लागली नाही. लागल्या त्या तेफ धान्याच्या भुशाच्या बारीक काड्या.

गुरुवारी सकाळी ती गेतेच्या घरी गेली. असनाकु दाराशी गाठोडं बांधत होती. आत भट्टीपाशी गेते एक लहान सुरा घडवत होता.

"कोणासाठी रे?"

"हिच्यासाठी. वाटेत लागेल," गेते मान वर न करता म्हणाला.

यालगानेश उंबऱ्यावर बसली. भात्याला लावायचं मातीचं नवं नळकांडं उन्हात वाळत होतं; मातीचं एवढंच काय ते लोहार स्वतः करायचे. त्यातला भुसा चमकत होता. तिनं हात पुढे केला.

"आजी, ते पुरुषांचं काम."

"हो रे बाबा. आणि त्याला पाणी आणायचं बायकांचं." ती असनाकुकडे वळली. "तुझ्या आईचे पक्षी कुठे आहेत?"

"इथेच. मामानं फळीवर ठेवलेत. आठ."

"फसिकाच्या आदल्या दिवशी आई कधी निघाली?"

"सकाळीच. सणासाठी जुनी भांडी फोडून झाली होती. नव्या चुलीला लिंपायला माती कमी पडली."

"परत आली नाही तेव्हा शोधलं का नाहीस?"

असनाकुची बोटं गाठीवर थांबली. "तिचे महिन्याचे दिवस जवळ आले होते. वाटलं, तिकडूनच बाहेर बसायला गेली असेल."

गावाच्या टोकाला दगडांच्या रिंगणात बायकांची झोपडी होती. रिंगणाच्या आत पाहायचं नाही, हाक मारायची नाही.

"भाकर कोणी नेली?"

"मामीनं. दगडावर ठेवून आली. दुसऱ्या संध्याकाळी गेली तर भाकर तशीच. मुंग्या लागलेल्या. तेव्हा शोधायला निघालो."

"शोधायला तू होतास, गेते?"

"मी सणात होतो. बळीचं कोकरू धरायची पाळी माझी होती, त्यानं सण संपेपर्यंत जागा सोडायची नसते."

"तिला बाहेर काढताना?"

"नाही."

तेवढ्यात तिरुये मागच्या दारानं आली. खांद्यावरची पहार तिनं भिंतीला टेकवली. "बघा आजी, लोहाराची बायको मी, आणि पहार शेजारून मागून आणते. फसिकापासून! लोक म्हणतात, नवरा लोखंड खातो का काय?"

"मोडली म्हणून सांगितलं ना," गेते म्हणाला.

"तुकडे?"

"विळे केले."

"चांगलं केलंस," यालगानेश म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

शुक्रवारी सकाळी अख्खं गाव दरडीपासून लांब, नदीच्या बाजूला उभं होतं. यालगानेशनं काहेनांकडे एकच मागणं केलं होतं, की गावातल्या चारही लोहारांनी आपापली पहार घेऊन यावं. दरड वरून कापायची होती. काहेन नाखुशीनंच आले होते.

"सूर्य मावळून सनबतचा विसावा लागायच्या आत आटप," ते म्हणाले.

"वेळ लागणार नाही. काहेनबाबा, माती वाळली की काय होते?"

"मी काय कुंभारीण आहे?"

बायकांत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आकसते. भाजली की आणखी आकसते. म्हणून आम्ही मडकं हवं त्याहून मोठं घडवतो. वुबाच्या भाजलेल्या पक्ष्याच्या खळग्यात बार्लीचे सात दाणे बसतात. मग ओल्या पक्ष्यात किती बसायला हवेत?"

"जास्त," असनाकु म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले. "नऊ. दहासुद्धा."

"पाच बसले. मेलेल्या माणसाचा अंगठा आकसतो का, तेगेन्ये?"

काहेनांच्या हातातली शेपटी हलायची थांबली.

"मेलेल्याचा मला माहीत नाही. मातीचा आकसतो. कोणीतरी वुबाच्या भाजलेल्या पक्ष्याच्या खळग्यात ओली माती दाबली आणि अलगद काढली. मातीचा अंगठा झाला, वणासकट. तो भाजला. अंगठा लहान झाला. तोच या तीन पक्ष्यांच्या छातीत दाबलाय. इथे वुबा आली नव्हती. तिचा शिक्का आला होता."

"तो असनाकुलाही करता येईल," काहेन म्हणाले.

"येईल. पण ती आठ वर्षांची असल्यापासून मातीत बसते. आकसणं धरूनच तिचं बोट चालतं. गावातल्या कुठल्याही बाईचं. ही चूक करणाऱ्यानं पक्षी होताना शंभरदा पाहिलाय, मान हुबेहूब वळवलीय, पण मडकं जन्मात भाजलेलं नाही." तिनं शालीच्या टोकाची गाठ सोडून मोडलेल्या पक्ष्याची माती तळहातावर धरली. "आणि ही माती बघा. आम्ही मातीत काय घालतो ग?"

"खापरांची पूड," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

"यात भुसा आहे. भुशाचं मडकं गळतं. गावात मातीत भुसा कालवून कोण काय करतं?"

भात्याच्या नळकांड्याला भुसा लागतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हळूहळू सगळ्या माना चार लोहारांकडे वळल्या.

"पुरुष?" काहेन म्हणाले. "पुरुषानं पक्षी केला?"

"ते कोणाच्या मनातच येणार नव्हतं. माझ्याही आलं नाही. आता सांगा, लोहाराला बायकांना इथून पळवून काय मिळायचं? काही मिळायचं नव्हतंच. त्याला काहीतरी आम्हाला मिळू द्यायचं नव्हतं. दरडीत काहीतरी राहिलंय. आम्ही खणलं असतं तर आज ना उद्या टोपलीत आलं असतं." तिनं काठी उचलली. "चार लोहार, चार पहारी. गेते, तुझ्या हातातली कोणाची?"

"अदानेची दुसरी. मागून आणलीय. त्यात काय?"

"तुझी मोडली. फसिकाला."

"मोडली."

"मग खणा. अदाने, वरून कापत ये."

कापलेली माती खाली येत राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा लोखंडावर लोखंड वाजलं.

पहार अखंड होती. गंजलेली, काळ्या मातीत उभी रुतलेली. अदानेनं तिच्या मानेवरची माती पुसली. प्रत्येक लोहार तिथे आपली खूण ठोकतो. तीन आडवे घाव, एक टिंब.

तिरुयेनं नवऱ्याकडे पाहिलं. "विळे केलेस ना?" ती म्हणाली.

गेते खाली बसला.

"मी खणायला लागलो होतो," तो म्हणाला. "दरड पडल्याचा आवाज आला म्हणून धावलो. बोटं बाहेर दिसत होती. तीनच. पहारीचं टोक बोटांना लागलं. ती हलली नाहीत. वाटलं, मेली. संध्याकाळी कोकरू धरायचं होतं. प्रेताला शिवलो असतो तर सात दिवस बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा पाळी आली होती माझी. प्रेताला लागलेली पहार घरी कशी नेऊ? तिथेच बाजूच्या भेगेत खुपसली. वरून आणखी माती आली. मी नदीत बुडी मारली, कपडे धुतले."

"सणासाठी त्या दिवशी सगळेच कपडे धूत होते," काहेन पुटपुटले.

"कोणाला सांगितलं का नाहीस?" यालगानेशनं विचारलं.

"सांगितलं असतं तर विचारलं असतं, तुला कसं माहीत. वाटलं, सण होऊ दे. कोणाला तरी दिसेलच."

"वाटलं, मेली. वाटलं, दिसेल," यालगानेश म्हणाली. "एकदा शिवून पाहिलं असतंस, तर वाटून घ्यावं लागलं नसतं."

असनाकु मामासमोर येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी तू भ्यालास. ते मला समजतं. पण बुधवारी यांनी मला जायला सांगितलं. तू शेजारी उभा होतास. काहीच बोलला नाहीस. घरी येऊन माझ्यासाठी सुरा घडवायला बसलास."

गेतेनं तोंड दोन्ही हातांत धरलं.

सिग्दच्या डोंगरावर यंदा नेमकं कोणाचं पाप घेऊन चढायचं, हे काहेनांना ठरवता येत नसावं. सणाच्या दोन दिवसांत दगडांच्या रिंगणाशी जाऊन वुबाला एक हाक त्यांनीही मारली नव्हती. यालगानेशनंही नाही.

"मुली, तू जायचं नाहीस," ते शेवटी म्हणाले. "पक्षी करायचे तर कर. याचं काय करायचं, ते तूच सांग."

असनाकुनं दरडीकडे पाहिलं.

"दरडीखाली यापुढे कुठलीही बाई जाणार नाही. हा वरून माती कापील आणि टोपल्या भरून देईल. रोज. सगळ्या बायकांना."

पुरुषानं बायकांसाठी माती खणायची. लोहारांच्या माना खाली गेल्या. पण विरोध कोणी केला नाही.

गर्दी पांगायला लागली तेव्हा असनाकुनं यालगानेशचा हात धरला.

"आजी, एक विचारू? आईला तुम्ही न्हाऊ घातलंत."

"हो."

"ती लगेच गेली ना? दरड पडली तेव्हाच?"

गेतेनंही डोकं वर केलं होतं. तो दोन हात अंतरावर बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

यालगानेशनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. वुबाचीच हनुवटी.

"लगेच गेली," ती म्हणाली. "डोळे मिटायलाही वेळ मिळाला नाही तिला."

असनाकुनं श्वास सोडला. तिच्यामागे गेतेनंही सोडला, मोठा, सहा महिने कोंडलेला. तो आवाज यालगानेशच्या कानात घर करून बसला. शनिवारी सनबतचा सगळा दिवस तिला दुसरं काही ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी ती रिकामी टोपली घेऊन दरडीवर गेली. गेते एकटाच माती कापत होता. दोन दिवसांत त्याचा चेहरा बराच निवळला होता.

"आजी, शुक्रवारी तुम्ही ते बोललात," तो म्हणाला. "माझ्यावर उपकार झाले."

"ते तिच्यासाठी बोलले."

त्याचे हात थांबले. खाली नदी वाहत होती.

"म्हणजे?"

"तिची दहाही नखं तुटलेली होती, गेते. तळहातात काळी माती गच्च भरली होती. मी आणि आणखी दोघींनी न्हाऊ घालताना ती काडीनं कोरून काढली आणि कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं."

"किती वेळ?" त्यानं पहार खाली टाकली. "आजी, किती वेळ होती ती?"

यालगानेशनं टोपली पायानं त्याच्यापुढे सरकवली.

"भर," ती म्हणाली.